नदीचे मूळ आणि घराण्याचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. म्हणी अनुभवातून येतात असे म्हणतात; पण काही म्हणी सोयीतूनही येत असाव्यात, आणि ही त्यांपैकीच एक असावी अशी मला दाट शंका आहे. आपल्या गडहिंग्लजला पाणी पाजणाऱ्या हिरण्यकेशीचे मूळ आंबोलीला आहे. कपारीतून पाण्याची धार येते, शेजारी देऊळ आहे, आणि दरवर्षी आपल्यापैकी कितीतरी विद्यार्थी ते पाहायला जातात. मूळ पाहिल्यामुळे हिरण्यकेशीची योग्यता कमी झाली, असे कोणी परत येऊन सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. उलट एवढीशी धार पुढे एवढी मोठी नदी कशी होते, याचा अचंबाच वाटतो. मग कुळाच्याच बाबतीत हा संकोच का?

माझे म्हणणे असे की, मोठ्या घराण्यांची कुळे अवश्य शोधावीत. मात्र ती शोधावीत, घडवू नयेत. आणि शोधताना एक प्रश्न सतत मनाशी बाळगावा, तो म्हणजे आपण रक्ताचा माग काढत आहोत की कर्तृत्वाचा? या दोहोंची आपण नेहमी गल्लत करतो, आणि त्या गल्लतीची किंमत ज्यांच्या घरी वंशावळच नाही त्यांना मोजावी लागते. हे सर्व हवेत बोलण्यापेक्षा आपल्याच मुलखातले एक घराणे समोर ठेवून बोलतो.

येथून फार दूर नसलेले कागल तालुक्यातील कापशी हे गाव आज बाहेरच्या लोकांना चपलांसाठी ठाऊक आहे. पण त्याचे पुरे नाव सेनापती कापशी, आणि ते सेनापती म्हणजे घोरपडे. संगमेश्वरी १६८९ साली छत्रपती संभाजी महाराजांवर मोगलांची झडप पडली, तेव्हा त्यांना वाचवताना म्हाळोजी घोरपडे धारातीर्थी पडला. त्याचा मुलगा संताजी. राजाराम महाराज जिंजीस असताना ज्याने औरंगजेबाच्या सरदारांना एक दिवस सुखाची झोप लागू दिली नाही, दोड्डेरीला १६९५ साली कासीमखानाची फौज कोंडून अन्नाला महाग केली, तोच हा संताजी. पुढे छत्रपतींशी बेबनाव झाला आणि १६९७ साली शंभुमहादेवाच्या डोंगरात नागोजी माने याने दावा साधून त्याला मारले. डॉ. जयसिंगराव पवार यांनी या सेनापतीवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो अवश्य वाचावा. संताजीचे भाऊ बहिर्जी आणि मालोजी हेही नामांकित सरदार. या घोरपड्यांच्या शाखा गजेंद्रगड, गुत्ती, संडूर अशा दूरदूर कर्नाटकात आणि आंध्रात पसरल्या. पानिपतानंतरच्या काळातला गुत्तीचा मुरारराव घोरपडे तर हैदरअलीशी झुंजत कैदेत संपला.

आता या घराण्याचे कूळ कोणते? परंपरा सांगते की, कोकणातला एक अवघड किल्ला कोणालाच चढता येईना. तेव्हा घराण्याच्या मूळपुरुषाने घोरपडीच्या कमरेला दोर बांधून कडा सर केला आणि तेव्हापासून घोरपडे हे नाव पडले. अशीच गोष्ट सिंहगडाच्या बाबतीत तानाजीच्या घोरपडीची सांगतात. गोष्ट गोड आहे. परंतु मोरे, वाघ, लांडगे अशी प्राण्यापक्ष्यांवरून आलेली आडनावे आपल्यात रगड आहेत, आणि त्या प्रत्येकाला काही किल्ला चढावा लागलेला नाही. आधी नाव असावे आणि नावाला शोभेशी गोष्ट मागून जुळली असावी, असे मानायला पुष्कळ जागा आहे.

ही परंपरा पाश्चात्य वाचकांपर्यंत नेली ती ग्रँट डफ याने. साताऱ्यास राहून मराठ्यांचा इतिहास लिहिणारा हा जेम्स ग्रँट डफ मूळचा स्कॉटलंडमधील बँफचा. १८२६ साली त्याचा तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. घोरपड्यांच्या नवकस आणि सातकस अशा दोन शाखांचा, म्हणजे कापशीकर आणि मुधोळकर यांचा, उल्लेख त्यात आहे. गंमत अशी की, इतरांची कुळे टिपून ठेवणाऱ्या या गृहस्थाचे स्वतःचे आडनावही जन्माचे नव्हते. तो जन्मला ग्रँट म्हणून. १८२५ च्या सुमारास ईडन येथील जमीनजुमला त्याच्याकडे आला आणि त्याबरोबर डफ हे नाव त्याने मागे जोडले. इस्टेटीबरोबर नाव येते ही गोष्ट त्याच्या देशात नवलाची नव्हती. आपल्याकडेही ती नवलाची नव्हती, हे पुढे दिसेलच.

मुधोळकर घोरपड्यांच्या दफ्तरातून काही फारसी फर्माने बाहेर आली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी ती १९३२ साली शिवचरित्राच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात छापली, आणि पुढे द. वि. आपटे यांनी मुधोळच्या घराण्याचा इतिहास लिहिताना त्यांचा सविस्तर विचार केला. या फर्मानांवरून उभी राहणारी हकीकत अशी: १३०३ साली अल्लाउद्दीन खिलजीने चितोड घेतल्यानंतर सिसोदिया वंशातला सज्जनसिंह दक्षिणेत आला. त्याच्या वंशजांनी बहामनी सुलतानांची चाकरी केली. पुढे महमूद गवानाने खेळणा, म्हणजे आपला विशाळगड, घेतला, त्या मोहिमेत कर्णसिंहाने घोरपडीच्या साहाय्याने तट चढून प्राण दिले. म्हणून १४७१ साली त्याच्या मुलाला ‘राजा घोरपडे बहादूर’ हा किताब व मुधोळची जहागीर मिळाली. कर्णसिंहाचा भाऊ शुभकृष्ण याची शाखा मात्र भोसले हेच नाव लावत राहिली, आणि तिच्यातच पुढे शिवछत्रपती जन्मले.

ही हकीकत खरी धरली, तर घोरपडे आणि भोसले हे भाऊबंद ठरतात. परंतु या फर्मानांच्या खरेपणाबद्दल इतिहासकारांत एकमत झाले नाही. काहींनी ती ग्राह्य मानली, तर काहींनी त्यांवर गंभीर आक्षेप घेतले. इकडे भोसल्यांच्या कुळाबद्दलही एकच मत नाही. शहाजीराजांच्या पदरचा कवी जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’त मेवाडच्या राणा घराण्याशी नाते जोडले आहे, हा ग्रंथ वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली लांबलचक प्रस्तावनेसह छापला. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी गागाभट्टांसमोर हाच सिसोदिया वंश मांडला गेला. तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत भोसल्यांची वंशावळ कोरून घेतली. तीत पिढ्या थेट पुराणकाळापर्यंत जाऊन भिडतात. आणि अगदी अलीकडे रा. चिं. ढेरे यांनी शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाचा अभ्यास करताना वेगळीच दिशा दाखवली. भोसल्यांचे मूळ उत्तरेत नव्हे, तर दक्षिणेत, कर्नाटकातील होयसळांशी संबंधित कुळात असावे, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

वाचकहो, येथे थोडे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. प्रत्येक वंशावळ कोणत्या ना कोणत्या गरजेपोटी लिहिली गेली आहे. राज्याभिषेकाला क्षत्रियत्व हवे होते. तंजावरच्या राजाच्या हातून राज्याची सत्ता गेली होती, तेव्हा नाव तरी दगडावर राहावे अशी त्याला आस होती. मुधोळला आपल्या जहागिरीचे जुनेपण दाखवायचे होते. वतनाच्या तंट्यात तर वंशावळीवाचून पानच हलत नसे. वादी आपला करीना लिहून देई, गोतसभा बसे, साक्षी होत, निवाड्याचा महजर होई. १८५२ साली इंग्रजांनी इनाम कमिशनला कायद्याचा आधार दिला, तेव्हा घरोघरचे रुमाल पुन्हा सुटले. गरजेपोटी लिहिलेला कागद खोटाच असतो असे नव्हे. पण तो कोणी, केव्हा आणि कोणापुढे ठेवण्यासाठी लिहिला हे विचारल्याशिवाय त्याच्यावर विसंबता येत नाही. आपल्या शिक्षकांनी साधनांची छाननी म्हणून जे शिकवले, ते हेच.

ही काही आपल्याच लोकांची खोड आहे असे मानून कोणी खाली मान घालू नये. ग्रँट डफच्या स्कॉटलंडकडे पाहा. तेथील राजघराणे स्ट्यूअर्टांचे. हेक्टर बोईस नावाच्या पंडिताने १५२७ साली स्कॉटलंडचा इतिहास लिहिला, त्यात या घराण्याचा मूळपुरुष म्हणून बँको नावाचा एक सरदार दाखवला. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा बँको चांगला ठाऊक आहे. ‘मॅकबेथ’मध्ये त्याचे भूत मेजवानीच्या वेळी येऊन बसते, आणि त्याच्या वंशातील आठ राजांची मिरवणूक चेटकिणी दाखवतात. शेक्सपिअरने हे नाटक लिहिले तेव्हा इंग्लंडच्या गादीवर स्ट्यूअर्ट घराण्याचाच जेम्स राजा होता, हे वेगळे सांगायला नको. पण इतिहासकारांनी कागद चाळले, तेव्हा बँको नाहीसा झाला. जे. एच. राउंड याने १९०१ साली दाखवून दिले की, या घराण्याचे मूळ स्कॉटलंडमध्ये नसून फ्रान्समधील ब्रिटनीत आहे. तेथील डोल या गावच्या धर्मगुरूच्या वाड्यावर या मंडळींचे पूर्वज मुदपाकाचा आणि पंक्तीचा कारभार पाहात. त्यांचा वंशज वॉल्टर बाराव्या शतकात स्कॉटलंडच्या राजाचा मुख्य कारभारी झाला. स्ट्यूअर्ट हे आडनाव म्हणजे ‘कारभारी’ हा हुद्दाच! आपल्याकडे पेशवे, देशमुख, चिटणीस, फडणीस ही जशी हुद्द्यांची आडनावे झाली, तसेच. पुढे या घराण्यातील एकाने रॉबर्ट ब्रूस राजाची मुलगी मार्जरी हिच्याशी लग्न केले, आणि तिचा मुलगा १३७१ साली गादीवर बसला. म्हणजे राज्य आले ते लेकीकडून.

बँको गेला म्हणून स्ट्यूअर्टांचे काय बिघडले? काहीच नाही. पंक्तीला वाढणाऱ्या कारभाऱ्याच्या वंशात राजे झाले, ही हकीकत त्या भुताच्या गोष्टीपेक्षा मला तरी अधिक रोमहर्षक वाटते. त्याच स्कॉटलंडमध्ये लॉर्ड लायन नावाचा एक अधिकारी आहे. घराण्यांची मानचिन्हे कोणी लावावीत, याचा निवाडा त्याचे न्यायालय करते, आणि १६७२ पासून त्याची सरकारी नोंदवही चालू आहे. आपल्याकडे रायगडावर राज्याभिषेकाची तयारी व्हायची होती, त्याच सुमाराची ही गोष्ट. तेथे खोटे मानचिन्ह लावणे हा गुन्हा ठरतो. आपल्याकडे असा अधिकारी असता, तर लग्नपत्रिकांवरची निम्मी बिरुदे गाळावी लागली असती!

आता आडनावाकडे वळू. सावंतवाडीकडील एका जोशी घराण्यातला नारो महादेव नावाचा मुलगा वडील वारल्यावर आईबरोबर घाट चढून वर आला आणि कापशीला संताजीच्या पदरी राहिला. हुशारीने आणि इमानाने तो वर चढला. संताजीने त्याला मुलासारखे वागवले, आणि धन्याच्या उपकाराची आठवण म्हणून नारो महादेवाने जोशी हे आडनाव टाकून घोरपडे हे नाव घेतले. इचलकरंजीचे जहागीरदार घोरपडे ते हेच. आपल्या शेजारचे आजरे त्यांच्याच जहागिरीत होते. नारो महादेवाचा मुलगा व्यंकटराव याला बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची मुलगी अनुबाई दिली होती, आणि या बाईने पुढे जहागिरीचा कारभार मोठ्या करारीपणाने चालवला. वासुदेवशास्त्री खरे यांनी या संस्थानचा इतिहास लिहिला आहे.

ब्राह्मण मुलगा मराठा सरदाराचे नाव लावतो आणि ते नाव अडीच-तीनशे वर्षे पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने चालते, या घटनेचा आपण पुरेसा विचार केलेला नाही असे मला वाटते. घोरपडे हे नाव एका शाखेत रक्ताने आले, दुसऱ्या शाखेत मिठाने आले. आणि दोन्हीकडे ते खरेच आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गावेच्या गावे आपल्या सरदाराचे आडनाव लावत. त्यातही रक्ताचे किती आणि आश्रयाचे किती, याचा हिशेब कोणाला लागायचा नाही. उलट बाजूही पाहावी. शहाजीराजांना १६४८ साली जिंजीजवळ कैद झाली, तीत मुधोळचा बाजी घोरपडे पुढे होता. आणि त्याच कुळनावाचा म्हाळोजी शहाजीराजांच्या नातवासाठी मेला. कूळ एक, करणी दोन! मग माणसाची पारख आपण कुळावरून करायची की करणीवरून?

गादीचीही तीच गोष्ट. आपले कोल्हापूरचे राज्य १७६० नंतर, संभाजी महाराजांच्या निधनाने, औरस वारसाविना राहिले. तेव्हा जिजाबाईंनी खानवटकर भोसल्यांच्या घरचा मुलगा दत्तक घेऊन राज्य सांभाळले. १८७० साली तरुण राजाराम महाराज इटलीत फ्लॉरेन्स येथे वारले, तेव्हाही दत्तकच घ्यावा लागला. आणि ज्यांच्या नावाने हा जिल्हा ओळखला जातो ते राजर्षी शाहू महाराज तर कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ साली दत्तक आलेले. शिवछत्रपतींचा वारसा शाहू महाराजांनी ज्या तोलाने चालवला, त्या तोलाने तो किती औरसांना चालवता आला असता? वारसा हा घ्यायचा असतो, तो नुसता मिळत नसतो, याचे याहून ठळक उदाहरण मला देता येणार नाही.

आणि याच शाहू महाराजांना कुळाच्या प्रश्नाने केवढा डंख केला! १८९९ च्या सुमारास पंचगंगेवरील स्नानाच्या वेळी राजाच्या पुरोहिताने वेदोक्त मंत्र म्हणण्याचे नाकारले. कारण त्याच्या मते हे घराणे क्षत्रिय नव्हते. राज्याभिषेकाला सव्वादोनशे वर्षे होऊन गेली होती, तरी छत्रपतींच्या गादीला पुन्हा कुळाचा दाखला मागितला गेला. महाराजांनी आपला हक्क सोडला नाही. पण ते तेवढ्यावरच थांबले असते, तर तो एका घराण्याच्या मानापमानाचा तंटा ठरला असता. १९०२ साली त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांतील निम्म्या जागा राखून ठेवल्या, आणि १९१८ साली महार वतनाची वेठ मोडली. ज्याला स्वतःला कुळ विचारले गेले, त्याने इतरांना कुळ विचारणे बंद केले. माझ्या मते कुळाच्या प्रश्नाला आजवर दिले गेलेले हे सर्वांत चांगले उत्तर आहे.

आता थोडे गणित करू. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी घाबरून जाऊ नये, हे बोटांवर होण्यासारखे आहे. प्रत्येकाला आई-बाप दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. संताजीच्या काळाला सव्वातीनशेहून अधिक वर्षे झाली. एका पिढीला तीस वर्षे धरली, तर अकरा पिढ्या होतात. अकराव्या पिढीत प्रत्येकाचे २०४८ पूर्वज येतात. यातला आडनावाच्या वाटेने जो येतो तो फक्त एक! भाऊबंदांत आणि सोयऱ्यांत लग्ने झाल्यामुळे तीच माणसे पुन्हा पुन्हा येतात, म्हणून प्रत्यक्ष आकडा कमी होईल. तरीही तो एकाहून शेकडो पटींनी मोठा राहील. हल्ली परदेशांत डी.एन.ए.ची तपासणी करून घराण्याचा माग काढतात. पण पुरुषाकडून पुरुषाकडे जाणारी खूण तपासली, तरी हाती लागतो तो त्या दोन हजारांतला एकच. तेव्हा ‘आम्ही अमक्याच्या वंशातले’ असे छाती पुढे काढून सांगताना, उरलेल्या २०४७ जणांनी काय केले होते, हेही कधी तरी विचारावे. त्यांत सरदार असतील, तसेच नांगरे, मोलकरी, फरारी आणि कर्जबाजारीही असतील.

आणि त्यांतल्या निम्म्या बायका असतील. आपल्या वंशावळींत त्या कोठे आहेत? झाडाच्या फांदीवर बापाचे नाव, त्याखाली मुलाचे नाव. मूल जणू बापानेच जन्माला घातले! आपल्याच तालुक्यातील नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरसेनापती प्रतापराव गुजर बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडून मेला. त्याची मुलगी जानकीबाई शिवछत्रपतींनी राजारामासाठी सून करून घेतली. सेनापतीच्या बलिदानाचा मान राजाने त्याच्या लेकीला घरात आणून केला. पण वंशावळीच्या तक्त्यात जानकीबाईला क्वचितच जागा मिळते. त्या खिंडीत प्रतापरावाबरोबर पडलेल्या सहा स्वारांचेही तेच. त्या काळच्या पत्रव्यवहारात सेनापती सहा स्वारांनिशी पडल्याचे येते; त्या सहांची जी नावे आज आपण घेतो, ती मागाहून परंपरेने आलेली आहेत. मरण सातांचे सारखे, पण कूळ एकाचेच टिकले.

ही गोष्ट पुस्तकातली राहात नाही, ती वर्गापर्यंत येते. आमच्या भागात सुगीला हेळवी येतात. हे वंशावळ सांगणारे लोक मूळ कानडी. बैल घेऊन येतात, दारात उभे राहून घराण्याच्या पिढ्या घडाघडा म्हणतात, नवे जन्म आपल्या चोपडीत लिहून घेतात आणि पायलीभर धान्य घेऊन पुढच्या गावी जातात. आमच्या आजोबांचे आजोबा कोणत्या गावाहून आले, हे मला प्रथम हेळव्याकडूनच कळले. हे मी कौतुकाने एका वर्गमित्राला सांगत होतो. तो म्हणाला, “तुमच्या दारात हेळवी येतो. आमच्या दारात कोण येणार? माझी वंशावळ आजीपाशी संपते. ती भांगलणीला जायची, एवढेच ठाऊक आहे.” त्याने हे रागाने म्हटले नव्हते, म्हणूनच ते अधिक लागले.

त्याला त्या वेळी सुचले नाही ते उत्तर येथे लिहितो. जुन्या काळी गावच्या शिवेचा तंटा पडला की, शीव दाखवायला पुढे व्हावे लागे महाराला; त्याचा शब्द प्रमाण मानत. वतनाचा महजर व्हायचा तर बारा बलुतेदार साक्षीला बसत. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी, तशी ज्याची त्याची निशाणी कागदावर होई. म्हणजे ज्यांना स्वतःची वंशावळ नव्हती, त्यांच्याच साक्षीवर थोरामोठ्यांच्या वंशावळी आणि वतने शाबीत झाली! मित्रा, तुझे पूर्वज कागदात नाहीत असे नाही. ते कागदाच्या शेवटी आहेत, आणि आजवर कोणी तो कागद शेवटपर्यंत वाचला नाही.

हे वाचायचे कोणी? सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची एकाएकी शोधाशोध सुरू झाली. कधी कोणी उघडले नसतील असे रुमाल सुटले, आणि आजोबा-पणजोबांच्या नावांपुढचा एक शब्द घराघराचे भवितव्य ठरवू लागला. आरक्षणाच्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही; त्यावर मते वेगवेगळी आहेत आणि ती असणारच. पण एवढे खरे की, वंशावळ ही आता हौस राहिलेली नाही, ती मुलाबाळांच्या शिक्षणाची आणि भाकरीची गोष्ट झाली आहे. अशा वेळी कागद वाचणारे थोडे असले, की वाचणाऱ्याचा शब्द हाच कायदा होतो. ज्याला स्वतःला वाचता येत नाही, त्याने दुसऱ्याच्या चष्म्यावर विश्वास ठेवावा लागतो. आणि गरज मोठी झाली की, बँको निर्माण व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून माझी आपल्या सर्वांना, विशेषतः इतिहास आणि मराठी या विषयांच्या विद्यार्थ्यांना, विनंती आहे. पहिली गोष्ट, मोडी शिकावी. बाराखडी आली की सरावाने हात बसतो. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आणि गावोगावच्या वाड्यांत वाचायला काम भरपूर पडले आहे. दुसरी गोष्ट, सुट्टीत घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या चार पिढ्या लिहून काढाव्यात. मात्र आईकडच्या चार पिढ्यांसह. आजीचे माहेर कोणते, तिचे माहेरचे नाव काय, ती काय काम करी, कोणत्या दुष्काळात कोठे गेली, हे तिला आजच विचारावे. तिसरी गोष्ट, हेळवी दारात आला तर त्याला नुसते धान्य देऊन वाटेला लावू नये. बसवून घ्यावे, त्याचे ऐकावे, लिहून घ्यावे, आणि त्याच्या स्वतःच्या घराण्याच्या पिढ्याही त्याला विचाराव्यात. इतरांची कुळे पाठ असणाऱ्या या माणसाला त्याचे कूळ कोणी विचारले असेल, असे वाटत नाही. आणि चौथी गोष्ट, सांगितले ते जसेच्या तसे लिहावे. कमी असेल तर कमी लिहावे. सूर्यवंश किंवा चंद्रवंश पदरचा घालू नये.

हे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे कोणी म्हणेल, तर त्याला नीळकंठ जनार्दन कीर्तने यांचे नाव सांगावे. ग्रँट डफच्या ग्रंथावर मराठीत पहिली साक्षेपी टीका त्यांनी केली. ती १८६८ साली छापून आली, आणि ती लिहिणारे कीर्तने तेव्हा पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले विद्यार्थी होते. कोण्या मोठ्या पंडिताने नव्हे, आपल्यासारख्याच एका तरुणाने त्या साहेबाला विचारले की, तुमच्या म्हणण्याला आधार काय? पुढे राजवाड्यांनी खांद्यावर पडशी टाकून गावोगावचे कागद गोळा केले आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडाखंडांनी छापली, ती वाट या प्रश्नानेच उघडून दिली होती.

कापशीकरांच्या कुळाचा शेवटचा निकाल लागेल की नाही, मला सांगता येत नाही. मूळपुरुष चितोडहून आला असो, सोरटूरहून आला असो, की येथल्याच एखाद्या खेड्यात नांगर धरून उभा असो, संताजीच्या तलवारीला त्यामुळे एक वाळही धार कमी-अधिक व्हायची नाही. पण माझ्या मित्राच्या आजीचे नाव या उन्हाळ्यात लिहून घेतले नाही, तर ते कायमचे जाईल. त्यासाठी कोणतेही फर्मान पुढे सापडणार नाही. तेव्हा कूळ शोधायचे असेल, तर आरंभ तेथून करावा.